पैसे आहेत, तरी घड्याळ मिळणार नाही! जपानमधली काही घड्याळं फक्त ‘निवडलेल्या’ गिऱ्हाइकांनाच का विकली जातात?

समजा तुमच्याकडे भरपूर पैसे आहेत. म्हणजे अगदी फ्लॅटच्या किमतीचं घड्याळ घ्यायची ऐपत आहे. तुम्ही कंपनीला सांगता, ‘हे घड्याळ द्या.’ पलीकडून अतिशय नम्र उत्तर येतं, ‘माफ करा, आधी अर्ज भरा. तुमची निवड झाली तर आम्ही कळवू.’

ही कल्पना नाही. जपानमधल्या काही घड्याळांची विक्री खरोखर अशीच चालते. कुठे लॉटरी लागते, कुठे अर्ज भरावा लागतो, कुठे आधीपासूनच्या गिऱ्हाइकांनाच बोलावणं जातं. नाओया हिदा या टोकियोतल्या घड्याळवाल्याने 2019 मध्ये आपलं पहिलं मॉडेल बाजारात आणलं, तेव्हा त्याचे नग किती होते माहितीये? फक्त 7.

इन्स्टाग्रामवर अशा घड्याळांची रील्स आपण सगळेच बघतो. खाली ‘ओन्ली 20 पीसेस’, ‘बाय इन्व्हिटेशन ओन्ली’ असं लिहिलेलं असतं. प्रश्न असा आहे की ही घड्याळं खरंच एवढी कमी बनतात, की भाव वाढावा म्हणून मुद्दाम कमी बनवली जातात? उत्तर ‘दोन्ही’ असं आहे. कुठलं कुठे लागू होतं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

घड्याळ स्वस्त करणारेही जपानीच

1881 मध्ये किंतारो हात्तोरी नावाच्या तरुणाने टोकियोत घड्याळांचं दुकान काढलं. 1892 मध्ये त्याने ‘सेइकोशा’ नावाचा कारखाना सुरू केला. हीच आजची सिको. 1913 मध्ये या कारखान्यातून ‘लॉरेल’ हे जपानमधलं पहिलं मनगटी घड्याळ बाहेर पडलं.

चांगलं घड्याळ म्हणजे स्विस, असा तेव्हा जगभर समज होता. त्याला उत्तर म्हणून सिकोने 1960 मध्ये ‘ग्रँड सिको’ आणलं. किंमत 25,000 येन. जपानमध्ये नव्याने नोकरीला लागलेल्या पदवीधराच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास दुप्पट.

पण खरा धमाका झाला 25 डिसेंबर 1969 ला. त्या दिवशी सिकोने ‘क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन’ विकायला काढलं. हे जगातलं पहिलं विक्रीला आलेलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ.

क्वार्ट्झ म्हणजे काय, तर घड्याळात एक बारीकसा स्फटिक असतो. बॅटरीचा प्रवाह मिळाला की तो अत्यंत नियमितपणे थरथरतो. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात हा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा उगाच निवडलेला नाही. 32,768 ला 15 वेळा निम्मं करत गेलं की बरोबर 1 उरतो. घड्याळातलं सर्किट तेच करतं आणि दर सेकंदाला काटा एक घर पुढे सरकवतं.

अ‍ॅस्ट्रॉन महिन्याला फार तर 5 सेकंद चुकायचं. चावीच्या घड्याळात एवढी चूक एका दिवसात होते. तरी ते पहिलं अ‍ॅस्ट्रॉन गरिबाचं घड्याळ नव्हतं. सोन्याच्या केसमधलं ते घड्याळ 4,50,000 येनला होतं, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या मोटारीच्या किमतीत. पुढे मात्र क्वार्ट्झ झपाट्याने स्वस्त झालं आणि अचूक वेळ सगळ्यांच्या मनगटावर आली.

याचा फटका स्वित्झर्लंडला बसला. 1970 च्या सुमारास तिथल्या घड्याळ उद्योगात जवळपास 90 हजार लोक काम करत होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ते 30 हजारांच्या आसपास उरले. आणि गंमत म्हणजे सिकोच्या क्वार्ट्झने सिकोचंच ग्रँड सिकोही बंद पाडलं. 1970 च्या दशकाच्या मध्यावर त्याचं उत्पादन थांबलं. एवढं महागडं चावीचं घड्याळ आता कोण घेणार, असा तो काळ होता.

मग चावीची घड्याळं परत कशी आली?

वेळ बघायला चावीच्या घड्याळाची गरज संपली होती. पण हळूहळू एक वेगळा वर्ग तयार झाला. त्याला घड्याळ हवं होतं ते वेळेसाठी नाही, तर त्यातल्या कामासाठी. जसं आता फोटो मोबाइलवर निघतात, तरी कुणी फिल्मचा कॅमेरा घेतो, तसं.

ग्रँड सिको 1988 मध्ये परतलं, तेही क्वार्ट्झ होऊन. 1998 मध्ये त्यात पुन्हा यांत्रिक घड्याळं बनू लागली. आज या यांत्रिक घड्याळांचा नेहमीचा निकष दिवसाला अधिक 5 ते उणे 3 सेकंद असा आहे. म्हणजे लाखो रुपयांचं घड्याळ महिन्याला दोन-अडीच मिनिटं पुढे गेलं, तरी ते नियमातच बसतं. तेवढ्यात तुमचं हजार रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळ फार तर 15-20 सेकंद चुकेल.

हे नीट लक्षात ठेवा. कारण याचा अर्थ असा की या घड्याळांची किंमत अचूकतेची नाही. अचूकताच हवी असेल तर त्याचाही जपानी नमुना आहे. सिटिझनने 2019 मध्ये वर्षाला अधिक-उणे फक्त 1 सेकंद चुकणारं क्वार्ट्झ घड्याळ आणलं. त्याच्या व्हाइट गोल्डमधल्या आवृत्तीचे 100 नग काढले.

मग किंमत कशाची? माणसाच्या वेळेची.

एका घड्याळाला एवढा वेळ का लागतो?

नागानो प्रांतात शिओजिरी नावाचं गाव आहे. तिथे सिको एप्सनचा ‘मायक्रो आर्टिस्ट स्टुडिओ’ आहे. 2000 मध्ये सुरू झालेला हा मोजक्या कारागिरांचा छोटा विभाग. जे काम कारखान्याच्या वेगाने होत नाही, ते इथे होतं.

2008 मध्ये याच स्टुडिओने ‘क्रेडोर एइची’ नावाचं घड्याळ बनवलं. एइची म्हणजे शहाणपण. त्याचे 25 नग निघाले. दिसायला अगदी साधं. पांढरी पोर्सेलिनची तबकडी, बस. पुढे 2014 मध्ये ‘एइची 2’ आलं. त्याच्या तबकडीवरच्या खुणा आणि अक्षरं कारागीर ब्रशने हाताने रंगवतो. इतक्या बारीक रेषेत हात जरासा हलला की तबकडी बाद.

आतल्या यंत्राचे भाग चकाकवण्याची या स्टुडिओची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. फिलिप द्युफूर हे स्वित्झर्लंडमधले अत्यंत मानाचे घड्याळजी. त्यांनी या जपानी कारागिरांना मार्गदर्शन केलं. तिकडच्या डोंगरात जेन्शियन नावाची वनस्पती होते. तिच्या वाळलेल्या काडीने धातूच्या कडा घासायचं जुनं तंत्र त्यांनी दाखवलं. ज्या देशाच्या क्वार्ट्झमुळे स्विस कारागिरांच्या नोकऱ्या गेल्या, त्याच देशातल्या लोकांना एका स्विस कारागिराने आपली विद्या दिली. द्युफूर यांच्या ‘सिंप्लिसिटी’ या मोजक्या नगांच्या घड्याळाला जपानी संग्राहकांनी भरभरून दाद दिली होती, हेही त्या नात्यामागे होतं.

आता 2022 चं उदाहरण बघू. ग्रँड सिकोने ‘कोडो’ आणलं. कोडो म्हणजे हृदयाचे ठोके. घड्याळाची स्प्रिंग जसजशी उलगडते, तसा तिचा जोर कमी होतो. तो जोर सारखा ठेवणारी एक यंत्रणा असते. दुसरी असते टूरबियाँ. गुरुत्वाकर्षणामुळे होणारी चूक कमी व्हावी म्हणून घड्याळाचं धडधडणारं हृदयच गोल फिरवत ठेवणारा पिंजरा. कोडोमध्ये या दोन्ही यंत्रणा एकाच आसावर बसवल्या. नग 20. किंमत साडेतीन लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीच कोटी रुपयांहून जास्त. त्याच वर्षी या घड्याळाला जिनिव्हातल्या ‘ग्राँ प्री’ स्पर्धेत क्रोनोमेट्रीचं पारितोषिक मिळालं. घड्याळांच्या जगात या पुरस्कारांना ऑस्करसारखा मान आहे.

मोठ्या कंपनीशिवाय, एकट्याने

यापेक्षा वेगळी गोष्ट आहे ती एकेकट्या कारागिरांची.

हाजिमे आसाओका हे मूळचे डिझायनर. घड्याळाचं काम ते स्वतःच शिकले, आणि टूरबियाँसारखी अवघड यंत्रणा टोकियोतल्या आपल्या कार्यशाळेत बनवली. पण अशी घड्याळं वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होतात, आणि सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात येत नाहीत. म्हणून 2019 मध्ये त्यांनी ‘कुरोनो टोकियो’ हा तुलनेने स्वस्त ब्रँड काढला. तर त्याच्यावरही उड्या पडल्या.

मासाहिरो किकुनो यांचं काम आणखी वेगळं. हे जपानच्या स्वसंरक्षण दलात नोकरी करून आलेले कारागीर. त्यांनी जुन्या जपानी वेळेवर चालणारं मनगटी घड्याळ बनवलं.

जुनी जपानी वेळ म्हणजे काय? सूर्योदय ते सूर्यास्त याचे सहा भाग, आणि रात्रीचे सहा. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून दिवसाचा एक भागही मोठा. हिवाळ्यात तोच लहान. आपल्याला हे परकं वाटायला नको. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर ही कल्पना याच जातीची. जपानने 1 जानेवारी 1873 पासून पाश्चात्त्य कॅलेंडर आणि समान तासांची वेळ स्वीकारली आणि ती जुनी घड्याळं संग्रहालयात गेली. किकुनो यांच्या घड्याळात ऋतूप्रमाणे तबकडीवरच्या खुणा आपोआप सरकतात. असं घड्याळ महिन्याला शंभर बनवून दाखवा म्हटलं, तर ते शक्यच नाही.

आणि नाओया हिदा. त्यांनी आधी परदेशी घड्याळ कंपन्यांसाठी जपानमध्ये काम केलं आणि 2018 मध्ये स्वतःचा ब्रँड काढला. त्यांच्या तबकडीवरचे आकडे छापलेले नसतात, हाताने कोरलेले असतात. कोरणारा हात एकच असेल, तर महिन्याला किती तबकड्या होतील याला मर्यादा आहे. 7 नगांचं रहस्य एवढंच.

पण मग आमंत्रण कशाला? लिलाव करा की!

इथे खरी गंमत आहे. 20 घड्याळं आणि मागणारे 2,000 असतील, तर साधा उपाय म्हणजे किंमत वाढवणं. पण यातले बरेच जण किंमत वाढवत बसत नाहीत, गिऱ्हाईक निवडतात. त्याचे वेगवेगळे प्रकार आहेत.

पहिला, लॉटरी. जिरो कातायामा हे एकेकाळी मोटारींचं डिझाइन करायचे. त्यांच्या ‘ओत्सुका लोटेक’ या ब्रँडची घड्याळं जुन्या यंत्रांवरच्या मीटरसारखी दिसतात. ती बराच काळ फक्त जपानमध्ये, तेही लॉटरी काढून विकली गेली. 2024 मध्ये त्यांच्या ‘नंबर 6’ला जिनिव्हाचा ‘ग्राँ प्री’ पुरस्कार मिळाला.

दुसरा, ठरावीक वेळ. कुरोनोने अनेकदा ठरलेल्या दिवशी काही मिनिटांपुरतीच ऑर्डर खुली ठेवली. म्हणजे आपल्या तत्काळ तिकिटासारखंच. पेज उघडेपर्यंत खेळ खलास.

तिसरा, अर्ज. ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवायचं आणि निवडीची वाट बघायची.

चौथा, आधीची ओळख. ज्याच्याकडे आधीच त्या ब्रँडचं घड्याळ आहे, त्याला पुढच्याचं बोलावणं. ग्रँड सिकोचा ‘जीएस 9 क्लब’ हा मालकांचा क्लब आहे. त्याच्या सदस्यांसाठी वेगळे कार्यक्रम होतात आणि खास त्यांच्यासाठी काही घड्याळंही काढली जातात.

या सगळ्यामागचं मोठं कारण म्हणजे पुनर्विक्री. घड्याळ हातात पडलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट भावाने विकणारे लोक असतात. कारागिराने महिनोन्महिने काम केलं आणि वरचा नफा भलत्यानेच खाल्ला, असं होतं. शिवाय ज्याला ते खरोखर मनगटावर बांधायचं होतं, तो बाजूलाच राहतो. म्हणून घड्याळ वापरणारा गिऱ्हाईक शोधायची ही धडपड.

जपानमध्ये ही रीत नवीनही नाही. क्योतोतल्या जुन्या चहाघरांमध्ये एक नियम आहे, ‘इचिगेन-सान ओकोतोवारी’. म्हणजे पहिल्यांदाच आलेल्या अनोळखी पाहुण्याला प्रवेश नाही. आत जायचं तर जुन्या गिऱ्हाइकाने तुमची ओळख करून द्यावी लागते. तिथे बिल नंतर पाठवलं जायचं, त्यामुळे ओळख करून देणारा हाच तुमचा जामीन. आपल्याकडे जुन्या किराणा दुकानातली उधारीची वही अशीच चालायची. ओळख असेल तरच नाव वहीत चढायचं. घड्याळाच्या आमंत्रणातही हाच विचार दिसतो. पैसे कोणीही देईल, भरवसा कोण देणार?

पण याची दुसरी बाजूही आहे. ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेत बाहेरच्याला शिरायला जागाच उरत नाही. ज्याच्याकडे आधीच चार घड्याळं आहेत, त्यालाच पाचवं मिळतं. वर्षानुवर्षं पैसे साठवून एकच चांगलं घड्याळ घेऊ पाहणारा शिक्षक किंवा नर्स यांना हे दार बंदच दिसतं. या हिशेबाने लॉटरी जास्त न्याय्य म्हणायला हवी. तिथे निदान सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात असतात.

खरी टंचाई कुठली आणि बनवलेली कुठली?

आता मुद्द्याचं. ‘लिमिटेड एडिशन’ हा शब्द आता इतका वापरून झालाय की त्याला अर्थ उरलेला नाही. त्याच यंत्राला, त्याच केसला फक्त वेगळ्या रंगाची तबकडी लावायची आणि मागे ‘1,000 पैकी 1’ असं कोरायचं, हेही लिमिटेडच. मोठे ब्रँड वर्षाला अशा कितीतरी आवृत्त्या काढतात. एवढ्या लिमिटेड कशाला, अशी कुरकूर ग्रँड सिकोचे चाहतेच करतात.

म्हणून कुठलंही ‘मोजकेच नग’वालं घड्याळ दिसलं, तर एकच प्रश्न विचारा: याहून जास्त बनवायचं ठरवलं, तर अडचण काय येईल?

उत्तर ‘कोरणारा माणूस एकच आहे’, ‘तबकडी हाताने रंगवावी लागते’, ‘ही यंत्रणा जुळवणारे दोघेच आहेत’ असं असेल, तर टंचाई खरी. उत्तर ‘काहीच अडचण नाही, फक्त ठरवलंय म्हणून’ असं असेल, तर ती जाहिरात आहे. जाहिरात करणं गुन्हा नाही. पण तुम्ही तिचे पैसे देताय हे माहीत असलेलं बरं.

आमंत्रण हा दर्जाचा पुरावा नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. आमंत्रण एवढंच सांगतं की मागणारे जास्त आहेत.

आपला याच्याशी काय संबंध?

आहे ना. आपल्या घरातच आहे.

1961 मध्ये बंगळूरला एचएमटीने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली, ती जपानच्या सिटिझनच्या तांत्रिक सहकार्याने. लग्नात नवरदेवाला मिळालेलं, पहिल्या पगारात घेतलेलं किंवा निवृत्तीला भेट आलेलं एचएमटी आपल्या कितीतरी घरांत कपाटात सापडेल. त्यातल्या एका मॉडेलचं नावच ‘जनता’ होतं. तेव्हाही घड्याळासाठी वाट बघावी लागायची. पण त्या टंचाईचं कारण वेगळं होतं. घड्याळ सगळ्यांना हवं होतं आणि कारखाना पुरा पडत नव्हता. 2016 मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

कोकणात तर आखातातून सुट्टीवर आलेल्या काका-मामांच्या मनगटावर ‘सिको 5’ असायचंच. मनगट हलवलं की आपोआप चावी भरणारं हे घड्याळ 1963 पासूनचं. त्याला कुठलं आमंत्रण लागत नव्हतं. आजही ते दुरुस्त करून वापरणारे लोक आहेत. जपानी घड्याळाचं कौतुकच करायचं, तर तेही त्याच कारागिरीचं कौतुक आहे.

आणि एक सावधगिरीचं. ‘तुमची निवड झाली आहे, आजच आगाऊ रक्कम भरा’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इन्स्टाग्रामवर आला, तर भुलू नका. ज्या कंपनीकडे तुम्ही कधी अर्जच केला नाही, ती तुम्हाला का निवडेल? पैसे भरण्याआधी कंपनीच्या मूळ वेबसाइटवर जाऊन खात्री करा. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. परदेशातून महागडं घड्याळ आणत असाल, तर विमानतळावर कस्टम्सला सांगायला विसरू नका.

बाकी, घरात आजोबांचं किंवा बाबांचं बंद पडलेलं चावीचं घड्याळ असेल, तर या आठवड्यात ते जवळच्या घड्याळजीकडे घेऊन जा. शहरात असे दुरुस्ती करणारे आता कमीच उरलेत, आणि त्यांच्याकडचं कसब हीसुद्धा खरी टंचाईच आहे. फक्त ती कुठल्या रीलमध्ये दिसत नाही.